जुनी मारुती ८००: घाटात खणखण, नाक्यावर ठक्‌ठक्. इंजिन खोलायचं का?

लाल_आठशे (मंगळवार, रात्री ९:२०)

नमस्कार मंडळी. गाडी मारुती ८००, १९९७ ची, कार्ब्युरेटरवाली, चार गिअरची, एमएच-०८. बाबांनी नवी घेतलेली, आता मीच चालवते. राहायला चिपळूण, सासर कऱ्हाडकडे, त्यामुळे कुंभार्ली घाट ठरलेला.

इंजिनातून आवाज येतोय, आणि माझ्या मते एक नाही, दोन.

पहिला घाटातला. पोफळी मागे टाकून चढ लागला की तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबताच डब्यात वाटाणे हलवल्यासारखी बारीक खणखण. पाय उचलला की लगेच बंद. दुसरा टाकला की कमी होते. दुसरा आवाज गाडी उभी असताना. बहादूरशेख नाक्यावर न्यूट्रलला थांबले की पुढून कुठूनतरी जड ठक्, ठक्, ठक्. रेस वाढवली की तो बराचसा विरतो. गाडी थंड असो की तापलेली, त्यात फरक नाही.

गॅरेजवाल्यांनी बॉनेट उघडलं, मिनिटभर ऐकलं आणि "बिग एंड गेलंय, हाफ इंजिन करावं लागेल" (म्हणजे अर्धं इंजिन खोलून दुरुस्ती) म्हणून मोकळे झाले. काही खोललं नाही, काही मोजलं नाही. आकडा ऐकून मीच बॉनेट लावलं. इंजिन न खोलता हे नक्की करता येतं का?

जुना_बाजारवाला (मंगळवार, रात्री ९:४१)

ताई, रागावू नका, पण १९९७ ची गाडी म्हणजे पुनर्नोंदणी, हरित कर, आणि वर इंजिनचं काम. एवढ्या पैशात पुढची गाडी येईल. चालू स्थितीत आहे तोवर विकून टाका.

लाल_आठशे (मंगळवार, रात्री ९:४९)

विकायची नाही. बाकी बोला.

घाटमाथा (मंगळवार, रात्री १०:०५)

सगळा ई२० चा, म्हणजे वीस टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलचा, प्रताप. माझ्या जुन्या गाडीचाही पिकअप गेला, मायलेज गेलं. कार्ब्युरेटरच्या गाड्यांना हे पेट्रोल चालतच नाही. सरकारने आपल्याला विचारलं होतं का?

दहा_अकराचा_पाना (मंगळवार, रात्री १०:३०)

सांगली भागात गॅरेज आहे, आयुष्य याच गाड्यांखाली गेलं. ताई, घाई करू नका. ऐकून बिग एंड सांगणारे पुष्कळ, पण बिग एंड असा वागत नाही.

बिग एंड म्हणजे पिस्टनला क्रँकशी (इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याशी) जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचं खालचं बेअरिंग. ते खाल्लं असलं तर आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू, पाय वर) इंजिन त्यातल्या त्यात गप्प असतं. दोन-अडीच हजार आरपीएमला हलका पाय ठेवा, मग पटकन सोडा. त्या सोडण्याच्या क्षणी खालच्या ऑइल चेंबरमधून टाक्-टाक्-टाक् येतो. तुमचं उलटं आहे, उभ्या गाडीत ठोका आणि रेसला गायब. मेन बेअरिंग (क्रँकला ब्लॉकमध्ये धरणारं) असेल तर त्याहून खोल, छातीत जाणवणारा दणका, तोही लोड आल्यावर. पिस्टन सैल झाला असेल तर सकाळी थंड इंजिनला जास्त आणि पाच-दहा मिनिटांत तापल्यावर कमी. टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांचा) आवाज तर बारीक, शिलाई मशीनच्या जातीचा, वरून हेड कव्हरमधून येतो आणि इंजिनाच्या निम्म्या वेगाने वाजतो. आयडलिंग नऊशे धरलं तर क्रँक सेकंदाला पंधरा वेळा फिरतो, एकेक व्हॉल्व्ह साडेसात वेळाच उघडतो. कान तयार झाला की हा फरक मोजावा लागत नाही.

आता एवढं सांगा. ऑइल कुठलं, किती दिवसांचं, कमी होतंय का? ऑइलचा लाल दिवा आयडलिंगला लुकलुकतो का? आणि गेल्या वर्षभरात इंजिनाला कोणाकोणाचा हात लागला? तिसरा प्रश्न टाळू नका.

निवृत्त_पिंपरीकर (बुधवार, सकाळी ७:१५)

पाना यांच्याशी सहमत. दोन आवाज वेगळे आहेत हे धागाकर्तीनेच ओळखलं, इथेच अर्धं काम झालं. घाटातल्या खणखणीबद्दल थोडं विस्ताराने लिहितो, कारण ई२० चा विषय निघालाच आहे.

ठिणगी पडल्यावर ज्वाला सिलिंडरमध्ये एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जाते. ती पोहोचायच्या आधीच कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेटलं, तर दाबाच्या लाटा भिंतींवर आपटतात. तोच तुम्हाला ऐकू येणारा आवाज, इथे लोखंडावर लोखंड आपटत नसतं. म्हणून तो फक्त लोडला येतो आणि पाय उचलताच थांबतो. कारणं पाच-सहाच: ठिणगी फार आधी पडणे, कमी ऑक्टेनचं पेट्रोल, इंजिन जास्त तापणे, पिस्टनवर कार्बन साचणे, चुकीच्या उष्णतामानाचा प्लग, किंवा मिश्रणात पेट्रोल कमी आणि हवा जास्त.

ई२० बाबत घाटमाथा यांचं म्हणणं अर्धं बरोबर. साध्या पेट्रोलचा ऑक्टेन ९१, ई२० चा ९५. म्हणजे ऑक्टेनपुरतं पाहिलं तर खणखण कमी व्हायला हवी. मात्र एक किलो पेट्रोल जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते आणि एक किलो इथेनॉलला ९ किलोच. नव्या गाडीत सेन्सर हे बघतो आणि इंधन वाढवतो. कार्ब्युरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारं भोक) तेवढाच राहतो, त्यामुळे मिश्रण लीन होतं (पेट्रोल कमी, हवा जास्त), पिकअप मंदावतो आणि इंजिन थोडं जास्त तापतं. शिवाय जुन्या रबरी नळ्या आणि डायफ्रॅम फुगतात, कडक होतात. हे सगळं खरं. पण न्यूट्रलमधला जड ठोका पेट्रोलमुळे येत नाही.

घाटमाथा (बुधवार, सकाळी ७:५०)

मग माझा पिकअप कुठे गेला?

निवृत्त_पिंपरीकर (बुधवार, सकाळी ८:०२)

तुमची गाडी कोणती, कार्ब्युरेटर कधी साफ केला, हे सांगितल्याशिवाय कसं कळणार? इथे तीन सिलिंडरच्या इंजिनाची चर्चा चालू आहे.

लाल_आठशे (बुधवार, दुपारी १:१०)

पाना दादा, उत्तरं:

ऑइल २०डब्ल्यू-४०, पावसाळ्याआधी बदललेलं. दांडीवर दोन खुणांच्या मध्ये आहे, घालावं लागलेलं नाही. लाल दिवा चावी फिरवल्यावर लागतो आणि इंजिन सुरू होताच विझतो, लुकलुकत नाही.

इंजिनाचं काम एकच झालं, टायमिंग बेल्ट. त्यातही खालून ऑइल गळत होतं म्हणून क्रँकचं पुढचं सील बदललं. नंतर गाडी ओढत नाही अशी मी तक्रार केली, तर त्यांनी डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगी वाटून देणारा भाग) सैल करून "टायमिंग थोडं पुढे घेतलं", म्हणजे ठिणगी जरा आधी पडेल असं केलं. त्यानंतर सपाटीवर बरी चालते, पण ओढ सारखी नाही. कधी एकदम मोकळी, कधी कोणी मागे धरून ठेवल्यासारखी. आणि हो, खणखण त्यानंतरचीच. ठक्‌ठक् आधीपासून होती का, हे आठवत नाही.

दहा_अकराचा_पाना (बुधवार, दुपारी २:३५)

हे आधी लिहायचं होतं, ताई! सील बदललं म्हणजे क्रँकवरची टायमिंग पुली काढली. म्हणजे मधला मोठा बोल्ट सोडला. आता माझं लक्ष तिकडे लागलं. तरी अंदाजावर पैसे घालवू नका, क्रमाने चला.

पहिलं, लाल दिव्यावर विसंबू नका. दाब जवळजवळ संपल्यावरच तो पेटतो. दिव्याचा स्विच काढून तिथे प्रेशर गेज लावतात, कुठल्याही बऱ्या गॅरेजकडे असतं. इंजिन तापवून बघा. दाब चांगला निघाला तर बेअरिंगची भीती बरीच मागे पडते.

दुसरं, एकेक प्लग बंद करून ऐका. रॉडचा ठोका असेल तर त्या सिलिंडरची फायरिंग बंद होताच आवाज पडतो. गजन पिनचा (पिस्टन आणि रॉड जोडणारी पिन) असेल तर उलट दुप्पट वाजतो. वायर नुसती काढून लोंबकळत ठेवू नका, इग्निशन कॉइल जाते. इंजिन बंद करा, वायर काढून जुन्या प्लगला लावा, तो प्लग इंजिनाला घट्ट टेकवा, मग चालू करा. एका सिलिंडरला अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त नको, न जळलेलं पेट्रोल ऑइल धुऊन टाकतं.

तिसरं, लांब स्क्रूड्रायव्हर. मूठ कानाच्या हाडाला, टोक इंजिनाला. चेंबर, ब्लॉक, हेड कव्हर, अल्टरनेटर, पाण्याचा पंप, टायमिंग कव्हर, सगळीकडे फिरवा. कुठे जोरात येतो ते लिहा. ओढणी बांधून घ्या, फॅन बेल्ट जवळ असतो.

टिवल्याबावल्या (बुधवार, दुपारी ३:०४)

डॉक्टर छातीला नळी लावतो, पानादादा स्क्रूड्रायव्हर. फी पण तेवढीच घेत असणार.

दहा_अकराचा_पाना (बुधवार, दुपारी ३:२०)

फी घेतली असती तर इथे फुकट टाइप करत बसलो नसतो.

कृष्णाकाठ (बुधवार, सायंकाळी ६:४५)

माझ्या ओम्नीत असाच आयडलिंगचा ठोका होता. इंजिन माउंटिंगचं रबर फाटलं होतं आणि सायलेन्सरचा पाइप बॉडीला आपटत होता. तीन सिलिंडरचं इंजिन मुळातच आयडलिंगला जास्त हलतं, त्यामुळे हे फार होतं. रेस दिली की थांबायचं, अगदी तुमच्यासारखं. आधी ते बघा, फुकटचं काम आहे. टॉमीने (लोखंडी पहारीने) इंजिन हळूच उचलून धरायचं आणि आवाज बदलतो का ऐकायचं.

निवृत्त_पिंपरीकर (बुधवार, सायंकाळी ७:१०)

उत्तम सूचना. मेकॅनिकल फ्युएल पंपाचा दांडाही टकटकतो, पण तो वर, हेडच्या पातळीला. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट फुटलं तर टिक्-टिक् येतं आणि ते इंजिन थंड असताना जास्त असतं. जड ठोक्यात फ्लायव्हीलचे (क्रँकच्या मागच्या जड चाकाचे) सैल बोल्टही धरावेत, त्यात क्लच दाबल्यावर आवाज बदलतो. धागाकर्तीने क्लच दाबून पाहिला का?

लाल_आठशे (शनिवार, रात्री ८:३०)

सुट्टी होती, दीर मदतीला आले. क्रमाने लिहिते.

माउंटिंग ठीक, पाइप कुठे लागत नाही. क्लच दाबून-सोडून काहीच फरक नाही. ऑइलचा दाब इथल्या एका दुसऱ्या मेकॅनिककडे बघितला. तापलेल्या इंजिनाला, आयडलिंगलाही काटा चांगला वर होता. त्यांचे शब्द: "या वयात एवढा दाब म्हणजे बेअरिंगना हात लावू नका."

तिन्ही प्लग एकेक करून बंद केले. इंजिन थरथरलं, ठोका थोडा वेडावाकडा झाला, पण गेला कुठल्याच वेळी नाही.

स्क्रूड्रायव्हर: चेंबरला कमी, हेडला फक्त टॅपेटची बारीक टकटक, टायमिंग कव्हरच्या खालच्या भागाला लावला तर कानात हातोडा. मी दचकून मागे झाले. फॅन बेल्ट काढून अर्धं मिनिट इंजिन चालवलं (त्याच बेल्टवर पाण्याचा पंप आहे म्हणून लगेच बंद केलं). आवाज तसाच. म्हणजे अल्टरनेटर आणि पंप सुटले.

दहा_अकराचा_पाना (शनिवार, रात्री ९:०५)

शाब्बास. आता टायमिंग लाइट, म्हणजे प्लगच्या ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा. त्याच्या उजेडात टायमिंगची खूण एका जागी स्थिर दिसली पाहिजे.

लाल_आठशे (रविवार, दुपारी १२:१५)

त्याच दुसऱ्या मेकॅनिकने लाइट लावला. आयडलिंगला खूण उभी राहतच नाही. मागेपुढे नाचते, मधूनच उडी मारते. ते म्हणाले डिस्ट्रिब्युटरचं बुश गेलं, नवा डिस्ट्रिब्युटर टाका. टाकू का?

निवृत्त_पिंपरीकर (रविवार, दुपारी १:००)

डिस्ट्रिब्युटरच्या दांड्यात खेळ असला तरी खूण नाचते, त्यांचा तर्क चुकीचा नाही. पण त्याने टायमिंग कव्हरखाली हातोडा वाजणार नाही. दोन्ही लक्षणं एकाच कारणाने येत असतील तर आधी ते तपासावं.

या इंजिनात डिस्ट्रिब्युटर व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टवर चालतो, कॅमशाफ्ट बेल्टवर आणि बेल्ट क्रँकच्या पुलीवर. क्रँक आणि पुली यांना एकत्र धरणारी वस्तू म्हणजे खाचेत बसणारी छोटी लोखंडी चावी आणि समोरचा बोल्ट. बोल्ट सैल पडला की पुली त्या चावीवर मागेपुढे डुलते. दर फायरिंगला क्रँकला झटका बसतो, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कॅमला कधी अडवतात, कधी पुढे ढकलतात, आणि चावी खाचेच्या भिंतीवर आपटते. आयडलिंगला हे झटके मोठे आणि सुटे असतात. वेग वाढला की फिरणं एकसारखं होतं आणि ठोका विरतो. पुली डुलली की कॅम मागे पडतो, ठिणगीही मागे पडते, आणि गाडी ओढत नाही.

दहा_अकराचा_पाना (रविवार, दुपारी १:२०)

साहेबांनी माझ्या तोंडातला घास पळवला. आणि म्हणूनच ताई, त्या पहिल्या गॅरेजने ओढ येण्यासाठी डिस्ट्रिब्युटर पुढे फिरवला. पुली मागे असताना गाडी बरी चालणार, पुली पुढे सरकली की ठिणगी फार आधी पडणार आणि घाटात खणखण. दोन आवाज, पण मूळ एक असावं.

डिस्ट्रिब्युटर विकत घेण्याआधी एक पैसा न लागणारी तपासणी करा. इंजिन बंद, गाडीची किल्ली खिशात. डिस्ट्रिब्युटरची टोपी काढा म्हणजे आतला फिरणारा रोटर दिसेल. क्लच हाउसिंगवरची रबरी टोपी काढली की फ्लायव्हीलचा काठ दिसतो. गाडी चौथ्या गिअरमध्ये सपाट जागी ठेवा. एकाने गाडी इंच-दोन इंच पुढे-मागे ढकलायची, एकाने फ्लायव्हील बघायचं, एकाने रोटर. गाडी हलल्यावर फ्लायव्हील उशिरा हलेल, तो गिअरचा खेळ, तो सोडा. पण फ्लायव्हील हललं की रोटर जवळपास त्याच क्षणी हलला पाहिजे. फ्लायव्हील हलतंय आणि रोटर व पुढची पुली दोन्ही थांबून मग टक् करून निघतात, असं दिसलं तर चावी गेली. पुली लगेच हलते आणि रोटर एकटाच मागे राहतो, तर डिस्ट्रिब्युटर किंवा बेल्ट.

आणि तोवर गाडी घाटात नेऊ नका. चावी तुटली तर बंद पडेलच, पण क्रँकची खाच खाल्ली गेली तर खरंच क्रँक बाहेर काढावा लागेल.

लाल_आठशे (रविवार, सायंकाळी ५:५०)

केलं. दीर ढकलायला, मुलगा फ्लायव्हीलला, मी रोटरला. मुलगा "हललं" म्हणतो आणि माझा रोटर ढिम्म. मग टक्. पुन्हा उलट ढकललं, "हललं", थोडं थांबून टक्. हात पुलीवर ठेवला तर ती टक् बोटांना जाणवते. आम्ही तिघे हे इतक्यांदा करत बसलो की शेजारचे काका धक्का मारायला आले, त्यांना वाटलं गाडी सुरू होत नाहीये.

टिवल्याबावल्या (रविवार, सायंकाळी ६:०१)

काकांना पण एकदा रोटर बघू द्यायचा होता.

लाल_आठशे (गुरुवार, रात्री १०:१०)

आज काम झालं. दुसऱ्या मेकॅनिककडेच दिली, हा धागा त्यांना वाचून दाखवला. बेल्ट कव्हर काढल्यावर मधला बोल्ट साध्या पान्याने, जोर न लावता निघाला. ते स्वतःच "अरे देवा" म्हणाले. पुलीच्या मागे गंजासारखी तपकिरी, ऑइलात कालवलेली पूड. चावीच्या दोन्ही कडा सरळ राहिल्या नव्हत्या, एका बाजूने पायरी पडली होती. पुलीची खाच बोटाच्या नखाला लागेल इतकी रुंद झाली होती. क्रँकच्या खाचेला एका कडेने हलकी चेप आहे, पण नवी चावी घट्ट बसली, हाताने हलत नाही.

नवी टायमिंग पुली, चावी आणि बोल्ट टाकला. पुली इथे मिळाली नाही, कऱ्हाडहून मागवली. बोल्टला लॉकिंगचा द्रव लावून टॉर्क पान्याने (जोर मोजणाऱ्या) मॅन्युअलमधल्या मापाला कसला. टायमिंग बेल्टवर पूड पडलेली म्हणून तोही नवा. मग डिस्ट्रिब्युटर परत मागे घेऊन लाइटवर टायमिंग जुळवलं. खूण आता एका जागी. नाक्यावर थांबले तेव्हा रेडिओ ऐकू आला.

हाफ इंजिनच्या आकड्याचा छोटासा तुकडाच खर्च झाला. पहिल्या गॅरेजला फोन केला, ते म्हणाले "आम्ही बोल्ट घट्टच केला होता." असेल.

दहा_अकराचा_पाना (गुरुवार, रात्री १०:४०)

जुना बोल्ट परत वापरला किंवा हातानेच अंदाजे कसला, की असं होतं. कोणाच्या गॅरेजात झालं याला आता अर्थ नाही. सील किंवा बेल्टचं काम करताना टॉर्क पाना समोर दिसला पाहिजे, एवढं गिऱ्हाइकाने विचारायला हरकत नाही. काही आठवड्यांनी एकदा तो बोल्ट तपासून घ्या, क्रँकच्या खाचेला चेप आहे म्हणून सांगतो.

लाल_आठशे (पुढचा सोमवार, रात्री ९:००)

कऱ्हाडला जाऊन आले. ठोका पूर्ण गेला, ओढ सारखी लागते. घाटात खणखण नव्वद टक्के गेली, पण चौघे बसलेले आणि ऊन कडक असताना शेवटच्या वळणांवर थोडीशी आलीच.

निवृत्त_पिंपरीकर (पुढचा सोमवार, रात्री ९:३५)

टायमिंग लाइट लावून रेस हळूहळू वाढवा आणि खूण किती लवकर पुढे पळते ते बघा. डिस्ट्रिब्युटरमधली वजनं धरणाऱ्या स्प्रिंगा इतक्या वर्षांत ढिल्या पडतात आणि ॲडव्हान्स (वेग वाढेल तशी ठिणगी आधी पडणं) लवकर येतो. त्या ठीक निघाल्या तर कार्ब्युरेटर उघडून जेट साफ करा, फ्लोटची पातळी बघा आणि इनटेकला कुठे हवा ओढली जात नाही ना ते तपासा. इथे मात्र घाटमाथा यांच्या ई२० ला थोडा दोष देता येईल.

घाटमाथा (पुढचा सोमवार, रात्री ९:४१)

बघा, मी काय म्हणत होतो!

लोखंडी_बुलेट (पुढचा सोमवार, रात्री १०:२०)

छान धागा. माझ्या जुन्या कास्ट आयर्न बुलेट ३५० लाही डोक्यातून ठोका येतोय, मेकॅनिक म्हणतो पिस्टन बदला. बदलू का?

दहा_अकराचा_पाना (पुढचा सोमवार, रात्री १०:३३)

तुम्ही नवा धागा काढा, ही गाडी ताईंची आहे. टॅपेटची झाकणी उघडून पुशरॉड थंड इंजिनाला बोटांनी फिरतोय का ते आधी बघा आणि तिथे लिहा. ठोका सकाळी जास्त की तापल्यावर जास्त, तेही.